खंडेनवमीच्या आधी: गोंदिया जिल्ह्यातल्या युद्धकालीन सुऱ्या-संगिनींच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५

कामाची आखणी. आमगाव, सालेकसा, देवरी या पट्ट्यात ज्या घरांतलं कोणी पलटणीत होतं, त्या घरांतल्या महायुद्धांच्या काळातल्या सुऱ्या, संगिनी, खुकऱ्या बघायच्या, मापायच्या, ओळखायच्या, कार्डावर उतरवायच्या आणि जिथल्या तिथे ठेवून यायचं. विकत काही घ्यायचं नाही. संग्रह कार्डांचा.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो, इतिहास नाही. त्यामुळे कोणी "राणीच्या काळचा आहे जी" म्हटलं की माझा हात आधी व्हर्नियरकडे (बारीक मापं घ्यायच्या साधनाकडे) जातो. पिशवीतलं सामान: व्हर्नियर, पोलादी पट्टी, पिच गेज (स्क्रूच्या आट्यांमधलं अंतर बघायचं), लोहचुंबक, भिंग, ठसे उतरवायला पातळ बटर पेपर आणि मऊ पेन्सिल, मोबाइलचा टॉर्च. टॉर्च समोरून मारला तर काही दिसत नाही. पात्याला जवळजवळ समांतर धरला की घासून पुसट झालेला ठसाही सावलीने उठून येतो.

कार्डावर दोन रकाने वेगळे ठेवले आहेत: "वस्तू काय सांगते" आणि "घर काय सांगतं". दोन्ही लिहायचे, पण एकाची शाई दुसऱ्यात जाऊ द्यायची नाही. माझ्या मते या छंदातला निम्मा घोळ इथेच होतो. आजोबांची गोष्ट चांगली असते, म्हणून सुरी जुनी ठरते.

१५ जून

कार्ड १. देवरीकडचं गाव, माजी विद्यार्थ्याचं घर. संगीन, लाकडी मूठ, म्यान नाही.

"सर, १९०७ सालचा आहे, लिहूनच आहे त्याच्यावर."

लिहिलेलं आहे खरं, पण ते बनवल्याचं साल नव्हे. ली-एन्फील्ड रायफलीच्या संगिनीचा हा नमुना १९०७ चा, म्हणून प्रत्येक नगावर तोच आकडा. बनवल्याचा महिना आणि साल त्याखाली, बारीक अंकांत. इथे ५ आणि १७, म्हणजे मे १९१७. वर मुकुट आणि जी.आर.आय. ही अक्षरं, म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. विलायतेत बनलेल्या नगांवर नुसतं जी.आर. असतं. खाली आर.एफ.आय.: रायफल फॅक्टरी, ईशापूर, कलकत्त्याच्या वरच्या अंगाला हुगळीकाठी. पात्याच्या दुसऱ्या बाजूला सरकारी रुंद बाण आणि एक फुली. ही फुली म्हणजे पातं वाकवून बघितलं आणि ते परत सरळ झालं, याची पावती. टेम्परिंग (कडक पोलाद पुन्हा तापवून चिवट करणं) शिकवताना पोरांना दाखवायला याहून चांगली वस्तू नाही.

दोन गोष्टी तारखेशी ताडून पाहिल्या. या नमुन्याच्या परजेला, म्हणजे मूठ आणि पातं यांमधल्या आडव्या पट्टीला, सुरुवातीला खाली वाकलेला आकडा असायचा, तो १९१३ मध्ये काढून टाकला. इथे तो नाही. मुठीच्या बोंडात आरपार छिद्र १९१६ पासून पाडायला लागले, आत साचलेली माती निघावी म्हणून. इथे ते आहे. मे १९१७ शी दोन्ही जुळतं.

आता लांबी. मूळ पातं १७ इंचांचं. हे भरलं १२ इंच. घरच्यांचं म्हणणं: "बुढ्यानं कापला असन जी, बांबू सोलाले लांब होत होता." मला ते पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात या संगिनी कारखान्यातच कापून १२ इंचांच्या केल्या होत्या. जंगलातल्या लढाईत १७ इंचांचं पातं अडचणच. ओळख पन्हळीवरून, म्हणजे पात्याच्या अंगावरच्या लांब खाचेवरून होते. मूळ पात्यात पन्हळ टोकाच्या बरीच अलीकडे संपते. कारखान्यात कापलेल्या पात्यात ती जवळजवळ टोकापर्यंत पळत जाते, कारण पुढचा भागच गेलेला असतो, आणि नवं टोक दोन्ही अंगांनी सारखं घासलेलं असतं. लोहाराने किंवा घरी हॅकसॉने कापलेल्या पात्याचं टोक एका अंगाला ओढलेलं असतं, आणि ग्राइंडरवर तापवलं असेल तर निळसर पट्टा दिसतो. इथे टोक सरळ, मध्यरेषा मध्यावर. कारखान्याचं काम.

युद्धातच पुढे ईशापूरने १२ इंचांची पाती नव्यानेच घडवली, त्यांना पन्हळच नाही. तीही या भागात सापडायला हवीत.

२८ जून

कायद्याचा दिवस. वकिलांना भेटलो, कारण आमच्या जिल्ह्यात पिशवीत संगीन घेऊन फिरणारा मास्तर पोलिसांना समजावत बसला तर संध्याकाळ तिथेच होते.

शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, संगिनी, भाले यांच्यासोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, खुकरीचं तर नावच घेतलं आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. शिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षं झालेल्या वस्तूला लागतो, म्हणजे कार्ड १ ची मे १९१७ ची संगीन त्यात बसते आणि ती कोणी परदेशी ग्राहकाला पाठवू म्हणेल तर तो गुन्हा.

ठरलेले नियम: वस्तू घराबाहेर न्यायची नाही, मीच घरी जायचं. कार्डावर गाव नाही, घराचं नाव नाही, फक्त क्रमांक. ज्यांना परवान्याची शंका आहे त्यांनी स्वतः ठाण्यात जाऊन विचारायचं, मी मध्यस्थी करणार नाही. आंतरजालावर "आर्मी खंजीर" म्हणून विकणाऱ्यांशी संपर्क ठेवायचा नाही.

६ जुलै

पाऊस लागून राहिलाय, रोवणी सुरू. घराघरांत कुलूप, माणसं धानाच्या बांधीत. म्हणून लोहाराकडे जाऊन बसलो, त्याच्याकडे या दिवसांत गर्दी नसते.

त्याला विचारलं, जुनं लढाईचं लोखंड कधी आलं का. म्हणाला, "लय आलं. बाबाच्या टायमाले तं जास्त. असं लोखंड आता भेटत नाही. तापवलं का घनाखाली वेगळंच बोलते." त्याच्या वडिलांनी संगिनीचे विळे केले, पावश्या (भाजी चिरायच्या विळ्या) केल्या, एकाचा कुळवाचा दाता केला. शेजारच्या घरी अशी एक पावशी अजून चालते म्हणाला, आणि लगेच छत्री उघडून मला घेऊनच गेला.

कार्ड ४. पावशी. पातं वाकवून, चपटं करून पुढून खोबऱ्याची खवणी काढलेली. मूळ आकार ओळखू येत नाही. काकीजी भाजी चिरत होत्या, त्यांना उठवायचं जिवावर आलं. त्यांनीच पावशी उलटी करून दिली. पाटात पातं दोन रिव्हेटनी बसवलं आहे आणि खालचा चपटा भाग लाकडाच्या खाचेत गेलेला. लाकूड वाळून आकसलं आहे, त्या फटीत टॉर्च मारला. मुकुट. त्याखाली जी.आर.आय. काठ इतके तिखट की कारखान्यातून काल निघाल्यासारखे. पुढचं लाकडाखाली.

पाट सोडवू दिला नाही, आणि मी आग्रहही केला नाही. रोज दोन वेळा लागणारी वस्तू आहे. मोबाइल आडवा घालून जेवढा ठसा दिसला तेवढ्याचा फोटो घेतला.

ही पावशी अनुसूचीतली संगीन की वगळलेलं घरगुती हत्यार, हे दुसऱ्या दिवशी वकिलांना फोनवर विचारलं. ते नुसते हसले.

२० जुलै

कार्ड ६. ज्याच्यासाठी लोक वेडे होतात ती: ब्रिटिश कमांडो सुरी. मालक आमगावचा तरुण, दुकानदार, आजोबा "कमांडो होते" असं सांगणारा.

मूळ सुरीची हकीगत थोडक्यात. विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स हे दोघे शांघायच्या नगर पोलिसांत होते. तिथल्या गल्लीबोळांतल्या झटापटींतून जे शिकले ते घेऊन १९४० च्या नोव्हेंबरात लंडनला विल्किन्सन सोर्ड कंपनीत बसले आणि ही सुरी ठरली. दुधारी, निमुळती, छेद घेतला तर चौकटच्या पत्त्यातल्या खुणेसारखा, पातं साधारण ७ इंच. पहिल्या नमुन्याची परज इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली. दुसऱ्याची परज सरळ, मूठ पितळेची, त्यावर चौकटीदार नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी पाडलेले बारीक उंचवटे. १९४३ च्या सुमारास तिसरा नमुना आला, त्याची मूठ जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली, गोल कड्या कड्यांची. नर्लिंग करायला लेथ आणि माणूस दोन्ही अडकून पडतात, ओतकामात एका साच्यातून मुठींची रास निघते. युद्धाच्या मध्यावर कारखाने असंच करतात.

आमगावची सुरी कड्यांच्या मुठीची, म्हणजे तिसऱ्या नमुन्यासारखी दिसणारी. तपासणी:

चुंबक मुठीला चिकटला. जस्ताच्या मिश्रधातूला चिकटत नाही, पितळेलाही नाही.

पात्यावर विल्किन्सनचं नाव खोल ठोकलेलं. विल्किन्सनने पहिल्या-दुसऱ्या नमुन्यावर आपलं नाव आम्लाने कोरलं होतं, ते उथळ आणि नाजूक असतं. युद्धातल्या तिसऱ्या नमुन्याच्या बहुतेक सुऱ्यांवर कंपनीचं नावच नसतं, तपासनिसाचा बारीक ठसा आणि मुठीवर साच्याचा अंक एवढंच.

पात्याची मध्यरेषा सापासारखी. विलायती घासणाऱ्याने असं काम केलं असतं तर तपासनिसाने परत पाठवलं असतं.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात आवडलं. वरचा नट बोटांनी फिरला. मालकाच्या परवानगीने काढला, टँगच्या (पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटीच्या) आट्यांवर पिच गेज लावला. दीड मिलिमीटर, चपखल. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये सुरी बनवणारा माणूस मेट्रिक आटे पाडत नव्हता. एकट्या चुंबकाने किंवा मध्यरेषेने माझी खात्री झाली नसती, पण आट्यांशी वाद घालता येत नाही.

निर्णय: अलीकडची नक्कल. "घर काय सांगतं" मध्ये आजोबांची गोष्ट जशीच्या तशी लिहिली. मालक थोडा नाराज. "मंग आजोबा खोटं बोलले का जी?" आजोबा सैन्यात होते, त्यांचे कागद मी पाहिले. सुरी नंतर कोणीतरी घरात आणली, एवढंच कार्ड म्हणतं. चहा मिळाला, म्हणजे फार बिघडलं नाही.

९ ऑगस्ट

कार्ड ९. आतापर्यंतची सर्वांत महत्त्वाची नोंद, म्हणून सविस्तर.

सालेकशाकडचं गाव. आजोबा महार रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते. ही बटालियन १९४१ मध्ये आपल्या कामठीलाच उभी राहिली आणि ब्रह्मदेशात गेली. घरात बर्मा स्टार आहे: सहा टोकांचा तारा, मधोमध मुकुट आणि राजाची अक्षरं. कापडी पट्टी गेली, तारा आहे. त्याच्यासोबत देवघराच्या फळीवर संगीन. घरचे म्हणतात, इंग्रजांनी बक्षीस दिली.

हातात घेतल्याबरोबर इंग्रजी नाही हे कळतं. परजेचा खालचा भाग मोठ्या आकड्यासारखा पुढे वळलेला. पातं मापलं: ४०० मिलिमीटर, अगदी नेमकं. ज्या देशाने इंचांत विचार केला त्याच्या हत्याराची लांबी अशी गोल मिलिमीटरमध्ये येत नाही. जपानची तीस नमुन्याची संगीन, मेइजी राजवटीचं तिसावं वर्ष म्हणजे १८९७ चा नमुना, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत बनत राहिलेला.

मुठीजवळ पात्यावर एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळं, वरून पाहिलेल्या तोफगोळ्यांच्या ढिगासारखी. ही आधी टोकियोच्या आणि पुढे कोकुराच्या शस्त्रागाराची खूण. युद्धाच्या शेवटाकडच्या नगांत आकडा गेला, परज सरळ झाली, पन्हळ गेली, मूठ ओबडधोबड चौकोनी झाली, म्यानसुद्धा लाकडी. लोखंड, वेळ, कारागीर सगळंच संपत आलं होतं, हे त्या संगिनींवर वाचता येतं. आपल्या नगात आकडा आहे, पन्हळ आहे, मुठीच्या लाकडाची गोलाई नीट आहे. म्हणजे टंचाईच्या आधीचा.

आता गोष्ट. घरातले मोठे काकाजी म्हणाले, "जपान्याच्या हातातून हिसकून घेतला होता बाबानं." तासाभरापूर्वी बक्षीस होती. दोन्ही लिहिलं. तारा सांगतो की आजोबा ब्रह्मदेशाच्या मोहिमेत होते. संगीन सांगते की ती जपानी सैन्याची. १९४५ च्या ऑगस्टात शरणागती झाल्यावर जपानी हत्यारांचे ढीग लागले आणि दोस्तांच्या सैनिकांनी त्यांतून आठवणीच्या वस्तू उचलल्या, हेही खरं. या तिन्हींतून "हिसकून घेतला" सिद्ध होत नाही आणि खोटंही ठरत नाही. मला ती गोष्ट खरी असावीशी वाटते. कार्डावर ते लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. चार वर्तुळांपैकी दोनच स्पष्ट आहेत, बाकी दोन गुळगुळीत. त्या बाजूला पातं आरशासारखं चमकतं, दुसऱ्या बाजूला काळपट. सुनेला विचारलं, ही बाजू इतकी घासलेली कशी?

"खंडेनवमीले घासतो ना जी. विटकरीचा भुगा अन् लिंबू. समोरची बाजू पूजेत दिसते म्हणून."

२४ ऑगस्ट

पोळ्याच्या सुट्टीत. आधीची सगळी कार्डं काढून एकच गोष्ट तपासली: ठसा किती उरला आणि वस्तू कुठे ठेवतात. देवघरात किंवा दर्शनी भिंतीवर असलेल्या प्रत्येक पात्याचा निदान एका बाजूचा ठसा झिजलेला आहे. खाटेखालच्या पेटीत विसरलेल्या, गंजलेल्या पात्यांवर ठसे वाचता येतात, गंज काजळीसारखा पातळ असला तर. आणि सगळ्यांत तिखट ठसा कुठे? पावशीच्या लाकडात.

विटकरीचा भुगा म्हणजे सरळ सरळ अपघर्षक, आमच्याकडचा पॉलिश पेपरच. लिंबू आम्ल. वर ओलं हळदकुंकू लावून रात्रभर ठेवलं की सकाळी त्या जागी बारीक खड्डे. दरवर्षी दहा मिनिटं, असं सत्तर-ऐंशी वर्षं. इंग्रजांनी ठसा खोल मारला होता म्हणून एवढा तरी टिकला.

आज आणखी एक, कार्ड ११, बिरसीकडचं घर. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी तिथे आहे. सुरी अमेरिकी, एम-थ्री, १९४३ मध्ये आलेली. मुठीला कातड्याच्या चकत्या एकावर एक दाबून बसवलेल्या. काही चकत्या किड्यांनी खाल्ल्या, त्यांच्या जागी कोणी टायरच्या रबराच्या कापून घातल्या, आणि माप इतकं बरोबर की बोटाला कळत नाही. पात्यावर काही नाही. पण सुरुवातीच्या नगांवर पात्यावर असलेला ठसा पुढे परजेवर गेला, म्हणून परजेखाली टॉर्च मारला: यू.एस. एम ३ आणि इम्पीरियल. इम्पीरियल हा ती बनवणाऱ्या अनेक कारखान्यांपैकी एक. धावपट्टीचा आणि सुरीचा संबंध जोडायचा मोह मलाही झाला. पण घर सांगतं, गोंदियाच्या भंगारवाल्याकडून फार वर्षांपूर्वी घेतली. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याचा उरलेला माल या देशात विकला गेला होता, तेव्हा तसं असायला हरकत नाही. रबराच्या चकत्या काढू नका, असं बजावून आलो. तीही आता तिची हकीगत आहे.

७ सप्टेंबर

दोन खुकऱ्या, दोन्ही चटकन उरकल्या. एक पितळी सिंहमुखी मुठीची, पात्यावर नक्षी: आठवण म्हणून विकली जाणारी, लढाऊ नव्हे. दुसरी लष्करी: टँग मुठीएवढीच रुंद, दोन्ही बाजूंना लाकूड, रिव्हेट आरपार. बाणाचा ठसा अर्धा. तीही देवघरातली.

१४ सप्टेंबर

दसरा २ ऑक्टोबरला. त्याआधी काय करता येईल, यावर सुभेदार काकाजींकडे बसलो. ते कामठीच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पलटणीच्या केंद्रातून निवृत्त झालेले आहेत, घरोघरी त्यांचा शब्द चालतो. मी म्हटलं, पूजा करू नका असं सांगायला जाणार नाही. ते म्हणाले, "सांगूही नको. लोक ऐकणार नाहीत, आणि ऐकलं तर ते मला आवडणार नाही. पलटणीत हत्याराची पूजा आम्हीही करायचो. पण पलटणीत आधी तेल लावायचे, विटकर नाही."

मग त्यांनीच तोडगा काढला. हत्यार शिलाई मशीनच्या तेलाने सुती फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं. हळदकुंकू पात्याला न लावता खालच्या नारळाला किंवा मुठीला बांधलेल्या नाड्याला लावायचं. झेंडूची फुलं दुसऱ्या दिवशी सकाळी काढायची, कारण त्यांच्या ओलाव्यानेही डाग पडतो. कातड्याची म्यान असेल तर पातं त्यात ठेवायचंच नाही, बाजूला ठेवायचं. कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि पावसाळी दमटपणा मिळून पातं आतून खातात.

आयटीआयच्या भंगारातल्या पोलादी पट्टीवर अंक ठोकून अर्धी पट्टी विटकर-लिंबाने घासली, अर्धी तेलाने पुसली. दाखवायला बरी पडेल.

२८ सप्टेंबर

पट्टी घेऊन फिरलो. पुरुष मान डोलावतात, घासणाऱ्या मात्र बायका, त्यामुळे पट्टी त्यांच्याच हातात द्यायला हवी. सालेकशाच्या सुनेने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "हे तं पयले सांगाले पाहिजे होतं." एका घरी म्हाताऱ्या बाईंनी साफ नकार दिला. काळं हत्यार देवापुढे ठेवायचं नसतं. त्यांचं घर, त्यांचा देव. तिथल्या खुकरीचे सगळे फोटो पुन्हा काढले, चार बाजूंनी, टॉर्च आडवा धरून, शिवाय पेन्सिलने ठसा उतरवून घेतला.

५ ऑक्टोबर

दसऱ्यानंतरची फेरी. जपानी संगीन तेलाने पुसलेली, नाडा मुठीला, पात्यावर एकही ठिपका नाही. एम-थ्रीवाल्यांनी पूजाच केली नाही, विसरले. खुकरी लखलखीत. बाणाची दांडी आता दिसत नाही, फक्त टोक. कार्डाला सप्टेंबरचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी शेजारी लावले.

लोहाराशी नवीन व्यवहार ठरला. कोणी जुनं लढाईचं लोखंड विळा करायला आणलं तर भट्टीत घालण्याआधी मुठीजवळचा भाग मला दाखवायचा. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मुकुट, बाण, फुली आणि चार वर्तुळं एका पुठ्ठ्यावर मोठी काढून दिली, भात्याशेजारी खिळ्याला अडकवलीत. दर फोटोमागे चहा माझ्याकडून. त्याची अट एकच: आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी यायचं नाही, गिऱ्हाइकं खोळंबतात.